हँडिकॅप शर्यत

हँडिकॅप शर्यत हा घोड्यांच्या शर्यतीचा एक प्रकार असून, त्यात प्रत्येक घोड्याला त्याच्या रेटिंगनुसार कमीअधिक वजन वाहावे लागते. मुंबईतील महालक्ष्मी व पुणे येथील रेसकोर्सवर अशा शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब भरवतो.

रेटिंगमधील एका अंकाचा फरक म्हणजे अर्धा किलो वजन. ६० रेटिंगच्या घोड्यावर ६० किलो असल्यास ५० रेटिंगच्या घोड्यावर ५५ किलो येतात. जॉकी व खोगीर मिळून वजन कमी भरल्यास शिसे घालून ते पूर्ण करतात.

जिंकलेल्या घोड्याचे रेटिंग सहसा वाढते आणि पुढील शर्यतीत ओझेही वाढते. त्यामुळे केवळ मागील विजय पाहून लावलेली पैज फसवी ठरू शकते. हँडिकॅपरने ठरवलेले वजन घोड्याच्या सध्याच्या क्षमतेहून कमी आहे की अधिक, हे ताडणे पैजेत निर्णायक असते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला.