क्षत्रप नाण्यांवरील ग्रीक अक्षरे

मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याच्या नाण्यांचे केल्ट लोकांनी अनुकरण केले. त्या अनुकरणांत मूळचे मुखचित्र व रथ यांचे हळूहळू रेषा आणि ठिपके झाले, व अक्षरे वाचनीय राहिली नाहीत. या प्रक्रियेस नाणकशास्त्रात ‘विकृती’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ही संज्ञा किती सावधपणे वापरावी, हे महाराष्ट्रातील एका उदाहरणावरून स्पष्ट होते.

इ. स. १९०६ मध्ये नाशिकनजीक जोगळटेंभी येथे क्षहरात क्षत्रप नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा उमटविलेला आहे. नाण्याच्या एका बाजूस राजाचे मुख व सभोवती ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख आहेत. हा घाट इंडो-ग्रीक द्रम्मांचा होय. अपोलोडोटस व मिनँडर यांचे जुने द्रम्म भडोचला चालत असल्याचे ‘पेरिप्लस’मध्ये नमूदच आहे.

येथील ग्रीक अक्षरांतील भाषा मात्र ग्रीक नसून प्राकृत आहे. ब्राह्मीतील ‘नहपानस’ हे षष्ठ्यन्त रूपच ग्रीक अक्षरांत उतरविले आहे. ग्रीक लिपीत एव्हाना दीर्घ ‘ए’साठी रूढ असलेले चिन्ह येथे ‘ह’साठी योजिले आहे. अन्त्य स्वर लिहिलेला नाही. तथापि एवढ्यावरून तो उच्चारातून लुप्त झाला होता असे अनुमान करणे धाडसाचे ठरेल. परकी लिपी स्वभाषेस जुळवून घेण्याचा हा प्रयत्न होता. त्यास विकृती म्हणता येणार नाही.

चष्टनाच्या वंशजांच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरे निरर्थक होत गेली. परंतु त्याच नाण्यांच्या मागील बाजूस राजाचे व त्याच्या पित्याचे नाव ब्राह्मीत दिलेले आढळते. पुढे तर मुखामागे शकवर्षाचे अंकही येऊ लागले. तेव्हा कोरणारा अकुशल होता, हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. ग्रीक अक्षरांचे वाचक उरले नव्हते. नाण्याची ओळख म्हणून त्यांची आकृती तेवढी उरली. क्षत्रपांचा प्रदेश जिंकल्यावर दुसऱ्या चंद्रगुप्ताने पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवरही तिचे अवशेष दिसतात.

केल्टांच्या बहुतेक प्रारंभिक अनुकरणांवर तुलनेसाठी असा दुसरा सुवाच्य लेख नाही. क्षत्रप नाण्यांवर तो आहे. म्हणून केवळ अक्षरांच्या ऱ्हासावरून कारागिराची योग्यता किंवा नाण्यांचा कालक्रम ठरविण्यापूर्वी, ती अक्षरे त्या काळी वाचली जात होती काय, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.