आजीची पांढरी साडी

काल सहज गंमत म्हणून आजीचा जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो एका ॲपमध्ये टाकला. दोन सेकंदांत रंग भरून आला. आजी एकदम जिवंत वाटली, पण साडी झाली फिकट गुलाबी!

फोटो आहे १४ ऑक्टोबर १९५६ चा, आपल्या नागपूरचा. त्या दिवशी बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घ्यायला लाखो लोक आले, ते पांढरे कपडे घालून. तसं आवाहनच होतं. आजीचा निर्णय त्या पांढऱ्या साडीत होता.

फोटोत फेरफार काही नवीन नाही. पूर्वी स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून डाग, सुरकुत्या घालवायचे. छापलेल्या फोटोवर ब्रशने रंग भरायचे. पण त्यांना सांगता यायचं, "भाऊ, साडी पांढरीच ठेवा."

१९९० ला फोटोशॉप आलं, २०१६ ला प्रिझ्मा, २०२५ मध्ये जेमिनीच्या साड्यांची लाट. आता ॲप विचारत नाही, अंदाजानं रंग भरतं. आणि तो अंदाज खरा वाटतो, धोका तिथंच आहे.

इफेक्ट करा, मीपण करतो. फक्त मूळ फोटो जपा, रंगवलेल्यावर "रंगवलेला" असं लिहा. नाहीतर उद्या आमचीच पोरं छातीठोक सांगतील, पणजी गुलाबी साडीत दीक्षेला गेली होती!