घटकयादीची कुळकथा

कोठारात काय आले, काय गेले आणि शिल्लक किती राहिली, याचा जमाखर्च ठेवण्याची विद्या फार पुरातन आहे. शिवकालीन गडावर हवालदार आणि सबनीस यांच्या जोडीला कारखानीस असे, आणि दाणागोटा व सामानसुमान यांचा तपशील त्याच्या जिम्मेस असे. परंतु कोठारात लोखंड किती आहे हे सांगणे निराळे, आणि अमुक एक यंत्र घडविण्यास कोणते जिन्नस, किती नग, कोणाच्या पोटात कोण अशा रीतीने लागतील हे सांगणे निराळे. कारखान्याचा साठा सांभाळणारी आजची संगणकप्रणाली ज्या दोन कागदांवर उभी आहे, ते या दुसऱ्या प्रश्नातून जन्मले: एक घटकयादी, जिला भोसरीपासून कोल्हापूरच्या उद्यमनगरापर्यंत सगळे ‘बीओएम’ म्हणतात, आणि दुसरा कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर. या दोहोंचे कुळ शोधू गेले असता असे दिसते की बँका, रेल्वे आणि रुग्णालये ज्या माहितीसाठ्यांवर आज विसंबून आहेत, त्यांच्या शास्त्राचे बालपणही पुष्कळ अंशी याच घरात गेले.

अशी यादी लिहून ठेवण्यास अर्थ येण्यापूर्वी एक गोष्ट घडावी लागली. जोवर बंदुकीचा प्रत्येक भाग कानशीने घासून त्या एकाच बंदुकीत बसवावा लागे, तोवर ‘चाप, एक नग’ असे लिहिणे व्यर्थ होते, कारण कोठारातला चाप हातातल्या बंदुकीत बसेलच अशी हमी कोणी देऊ शकत नसे. अमेरिकेत हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रशाळेत जॉन हॉल याने १८२०च्या दशकात, यंत्रे आणि मापके यांच्या साहाय्याने, एका जातीच्या कोणत्याही बंदुकीत बसतील असे सुटे भाग करून दाखविले. असा अदलाबदलीचा भाग हाती आल्यावरच त्याला नाव, क्रमांक आणि संख्या देणे सार्थ झाले.

कार्यादेशाला शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय मी कॅप्टन हेन्री मेटकाफ याला देतो. हा अमेरिकी लष्कराच्या शस्त्रखात्यातील अधिकारी, आणि त्याची कर्मभूमी फिलाडेल्फियातील फ्रँकफर्ड शस्त्रागार. कोणत्या कामावर किती मजुरी आणि किती माल खर्ची पडला, हे त्या काळी मुकादमाच्या स्मरणावर आणि तेलकट हातांनी भरलेल्या वह्यांवर अवलंबून असे, आणि कचेरीतील हिशेब व कार्यशाळेतील वस्तुस्थिती यांची गाठ क्वचितच पडे. मेटकाफने प्रत्येक कामाला एक आदेश-क्रमांक दिला आणि वहीच्या जागी सुटी कार्डे आणली: कामगाराने आपला वेळ एका कार्डावर नोंदवावा, कोठारातून उचललेला माल दुसऱ्यावर, एका कार्डावर एकच घटना असावी, आणि प्रत्येकावर तो आदेश-क्रमांक असावा. वहीतली नोंद जिथे लिहिली तिथेच बांधली जाते; कार्ड मात्र हलविता येते, म्हणून तीच कार्डे आदेशाप्रमाणे लावली की कामाची किंमत हाती येई, आणि विभागाप्रमाणे लावली की विभागाचा खर्च. १८८५ साली त्याने हे सर्व ग्रंथरूपाने मांडले आणि १८८६ साली शिकागो येथे अमेरिकेच्या यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यावर निबंध वाचला. त्याच अधिवेशनात हेन्री टाउन याने अभियंत्याने अर्थकारणाचाही विचार केला पाहिजे असे प्रतिपादन केले, आणि व्यवस्थापनशास्त्राचे इतिहासकार सामान्यतः टाउनचेच नाव आधी घेतात. माझ्या मते मेटकाफचा निबंध अधिक मोलाचा आहे, कारण टाउनने कर्तव्य सांगितले आणि मेटकाफने ते पार पाडण्याचे साधन दिले. आजच्या प्रणालीत वर्क ऑर्डर उघडली की तिच्या नावे माल इशू होतो, मजुरी जमा होते आणि तयार वस्तू गोदामात चढल्यावर खाते बंद होते; फ्रँकफर्डची रीत आणि ही रीत यांत तत्त्वतः भेद नाही.

घटकयादीचे दुखणे निराळे होते. १०० पंपांची मागणी आली आहे असे धरू. प्रत्येक पंपास एक इंपेलर, एक शाफ्ट, दोन बेअरिंगे. कोठारात बेअरिंगे ३०, म्हणजे १७० मागवावयाची, इथवर पाटीवरचे गणित आहे. परंतु जो बोल्ट पंपाच्या केसिंगला लागतो, तोच बोल्ट कपलिंगच्या गार्डलाही लागतो, आणि गार्ड हा स्वतः एक जोडभाग असल्याने त्याची यादी आणखी एका पायरीने खाली असते. केसिंगचा हिशेब करताना शिल्लक बोल्ट तिथेच वजा करून उरलेले मागविले, तर खालची पायरी उतरल्यावर त्याच बोल्टची नवी गरज समोर येते आणि दुसरी मागणी लिहावी लागते. यावर पुढे जो उपाय रूढ झाला तो असा, की प्रत्येक भाग सर्व याद्यांत मिळून सर्वांत खोल कोणत्या पायरीवर येतो ते आधी ठरवावे, आणि ती पायरी येईपर्यंत त्याची शिल्लक हातच लावू नये. शेकडो यंत्रे आणि हजारो भाग असलेल्या कारखान्यात हे हाताने करावयाचे म्हणजे गणित संपेपर्यंत मागणीच बदललेली असे. म्हणून बहुतेक ठिकाणी साठा ठरावीक पातळीखाली गेला की मागवावा, या स्थूल नियमावर वेळ निभावली जाई.

ही अडचण फोडली ती चुंबकीय तबकडीने. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या रॅमॅक यंत्रात ५० तबकड्यांवर ५० लक्ष अक्षरे मावत आणि, फितीप्रमाणे आरंभापासून न उलगडता, हव्या त्या नोंदीपाशी थेट जाता येई. १९६०च्या दशकात घटकयाद्यांसाठीच खास प्रणाली निघाल्या. त्यांत प्रत्येक भागाची नोंद एकदाच ठेवलेली असे, ‘हा त्यात, इतके नग’ एवढेच सांगणारी जोडनोंद वेगळी असे, आणि जोडनोंदी दोन साखळ्यांत ओवलेल्या असत: एक साखळी खाली उतरून या वस्तूत काय काय आहे ते सांगे, दुसरी वर चढून हा भाग कुठे कुठे वापरला जातो ते सांगे. एखाद्या बेअरिंगचा पुरवठा थांबला तर कोणती यंत्रे अडतील, याचे उत्तर देणारी ही दुसरी साखळी मला या साऱ्या रचनेतील सर्वांत सुंदर कल्पना वाटते.

पुढे अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमेने हा प्रश्न विराट केला. सॅटर्न-५ अग्निबाणात सुमारे ३० लक्ष भाग होते. त्यांची यादी सांभाळण्यासाठी आयबीएम, अपोलो यानाची निर्माती नॉर्थ अमेरिकन आणि कॅटरपिलर या कंपन्यांनी १९६६ पासून जी प्रणाली रचली, तिचा पहिला सिद्धतेचा संदेश १४ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील डाउनी येथे उमटला. पुढे आयएमएस या नावाने तिने बँकांचेही व्यवहार सांभाळले. तिची रचना वंशवृक्षाची होती. परंतु बोल्टाला अनेक पालक असतात, आणि ही गाठ जनरल इलेक्ट्रिकच्या चार्ल्स बाकमन याने कारखान्याच्याच कामासाठी रचलेल्या जाळीदार प्रणालीत अधिक सहज सुटली होती. या कार्यासाठी १९७३चा ट्यूरिंग पुरस्कार त्याला मिळाला. या दोन्ही पद्धतींना आव्हान देणारा एडगर कॉडचा १९७०चा निबंध, ज्यातून आजचे कोष्टकरूप माहितीसाठे निघाले, तोही उदाहरणे घेतो ती भागांची आणि प्रकल्पांची: हीच माहिती वृक्षरूपाने पाच निरनिराळ्या प्रकारे मांडता येते आणि मांडणी बदलताच त्यावर लिहिलेले कार्यक्रम मोडतात, हे तो दाखवितो. मात्र त्याच्या कोष्टकांना पायरी-पायरीने खाली उतरण्याची प्रमाणित भाषा लाभण्यास १९९९ साल उजाडले.

कारखान्यात या सामर्थ्याचा खरा उपयोग शिकविला तो जोसेफ ऑर्लिकी याने. शेतीची यंत्रे करणाऱ्या जे. आय. केस कंपनीत अनुभव घेऊन तो आयबीएममध्ये गेला, आणि १९७५च्या त्याच्या ग्रंथाचा गाभा हा, की पंप किती खपतील याचा अंदाज करावा लागतो, परंतु त्यांत बेअरिंगे किती लागतील याचा अंदाज करणे चूक आहे, कारण ते गणिताने निश्चित होते. त्याचा सहप्रचारक ऑलिव्हर वाइट याच्या परंपरेत उत्तम कारखान्याची कसोटी म्हणून साठ्याच्या नोंदी ९५ टक्के आणि घटकयाद्या ९८ टक्के अचूक असाव्यात असे ठरले. यादीवर अधिक कडक दंडक का, हे स्टोअर्समध्ये उभे राहिल्यावर तत्काळ उमगते: मोजणीतील चूक पुढच्या मोजणीत दुरुस्त होते, परंतु यादीत दोनच्या जागी एक बेअरिंग लिहिले गेले, तर १०० पंपांच्या वर्क ऑर्डरला १०० बेअरिंगे कमी पडतात, आणि यादी कोणी सुधारीपर्यंत पुढच्या प्रत्येक ऑर्डरला पंपामागे एक बेअरिंग कमी पडतच राहते.