'इंटरनॅशनल गोरिल्ले' : चोरून हसण्याचा इतिहास

काही चित्रपट चांगले असतात म्हणून लक्षात राहतात. काही इतके वाईट असतात की विसरता येत नाहीत. १९९० सालचा पाकिस्तानी उर्दू चित्रपट 'इंटरनॅशनल गोरिल्ले' हा दुसऱ्या जातीचा. दिग्दर्शक जान मोहंमद. मुस्तफा कुरेशी, जावेद शेख, गुलाम मोहिउद्दीन, बाबरा शरीफ, नीली अशी त्या काळची नामवंत मंडळी त्यात होती. आमच्या पिढीने तो उशिरा, संगणकाच्या पडद्यावर, दार लोटून घेऊन पाहिला आणि आम्ही पोट धरून हसलो. पण हसताना काहीतरी खटकत राहिले. त्या खटकण्याचाच हा शोध आहे.

चित्रपटामागचा काळ हसण्याचा नव्हता. सलमान रश्दी यांची 'द सॅटनिक व्हर्सेस' ही कादंबरी १९८८ मध्ये निघाली आणि त्याच वर्षी भारताने तिच्या आयातीवर बंदी घातली. जानेवारी १९८९ मध्ये ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड शहरात तिची प्रत जाळण्यात आली. १४ फेब्रुवारीला आयतुल्ला खोमेनींचा फतवा आला. २४ फेब्रुवारीला मुंबईत निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि १२ माणसे मेली. मने खरोखर दुखावली होती आणि रक्तही खरे सांडले होते.

लाहोरच्या चित्रसृष्टीने या दुखावलेल्या मनाला तिकीट लावले. 'मौला जट' (१९७९) पासून तेथे गंडासा, आरोळ्या आणि सूडकथांची चलती होती. त्याच साच्यात आता धर्म ओतला गेला. पडद्यावरचा रश्दी (अफजाल अहमद) भडक रंगांचे सफारी सूट घालतो, आलिशान वाड्यात दारू पितो आणि मुसलमानांचा छळ करतो. त्याला संपवायला निघालेले नायक एका प्रसंगात चक्क बॅटमनच्या वेशात येतात. मध्येच नाचगाणी आहेतच. शेवटी नायक हतबल होतात, तेव्हा आकाशात कुरआन शरीफच्या प्रती प्रकटतात आणि त्यांतून सुटलेल्या विजांनी खलनायक भस्म होतो.

आम्हाला खटकले ते इथे. हेच दृश्य एखाद्या परधर्मीय दिग्दर्शकाने रचले असते तर? अल्लाहच्या कलामाचा असा दिवाळीतला फटाका केल्याबद्दल मोर्चे निघाले नसते का? पण ते आपल्याच माणसांनी, ईमानाच्या नावाने केले. म्हणून थिएटरांत टाळ्या पडल्या. दुसऱ्याने केलेली थट्टा आपल्याला तत्काळ कळते, आपल्या हातून घडलेली बेअदबी मात्र कळत नाही.

पुढचा भाग पटकथेपेक्षा विलक्षण आहे. चित्रपट ब्रिटनला पोचला तेव्हा तिथल्या ब्रिटिश बोर्ड ऑफ फिल्म क्लासिफिकेशनने १९९० मध्ये प्रमाणपत्र नाकारले. रश्दींची बदनामी होते, खटला उभा राहू शकतो, ही भीती होती. तेव्हा लपून राहणाऱ्या रश्दींनीच लेखी कळवले की आपण खटला भरणार नाही, बंदी नको. अपिलात बंदी उठली. चित्रपटात ज्याला जाळून मारले, त्यानेच चित्रपटाला वाचवले! 'जोसेफ अँटन' (२०१२) या आत्मकथनात ते सांगतात की परवानगी मिळाल्यावर ब्रॅडफर्डमध्येही प्रेक्षकांनी पाठ फिरवली. बंदी असती तर त्याच व्हिडिओ कॅसेटी घरोघर फिरल्या असत्या.

रश्दींचे पुस्तक आवडो न आवडो, या प्रसंगात शहाणपण कोणाकडे होते हे मान्य करायला हवे. पडद्यावरच्या विजा खोट्या होत्या. पण १९९१ मध्ये कादंबरीचे जपानी अनुवादक हितोशी इगाराशी यांचा झालेला खून आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात रश्दींवर झालेला, त्यांचा एक डोळा घेऊन गेलेला चाकूहल्ला खरा होता.

ताइफमध्ये दगड खाऊनही बददुआ न देणाऱ्या पैगंबरांची आपण उम्मत. लेखणीला उत्तर लेखणीने द्यावे, आणि तेही चांगल्या लेखणीने. ते जमत नसेल तर निदान अशा चित्रपटांवर दार उघडे ठेवून हसावे. त्या हसण्यात गुनाह नाही. आपल्या श्रद्धेला असल्या गोरिल्ल्यांची गरज नाही, एवढेच ते हसणे सांगते.