लेकरांच्या मेंदूतली गाठ : शंभर वर्षांचा शोध

वरसाव्याहून आम्ही बचतगटाच्या बाया बोलतोय. लेकराच्या मेंदूत गाठ निघाली की पहिलं बोट आईकडे जातं. 'गरोदरपणी काय खाल्लंस? अभ्यासाचा ताण दिलास का?' म्हणून आज या गाठीच्या शोधाचा इतिहास सांगतो.

१९२१ साली ऑस्ट्रियात ओटो लोवी यांनी बेडकांची दोन हृदयं घेतली. एकाची नस चेतवली, तसं ते मंदावलं. त्याच्यातलं पाणी दुसऱ्यात सोडलं, तर तेही मंदावलं. म्हणजे नसा रसायनातून निरोप देतात. मेंदूतल्या पेशीही अशाच बोलतात. बाळ चालायला, बोलायला शिकतं ते या निरोपांवरच.

आपल्याकडे लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढे टाटांच्या ट्रस्टने १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा उभारली. अलीकडे टाटांच्याच खारघरच्या संशोधन केंद्रात डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने मुलांच्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीचे चार प्रकार ओळखणारी चाचणी तयार केली. प्रकार कळला की उपचार ठरवायला मदत होते.

२०१९ साली अमेरिकेत डॉ. मिशेल मोंजे यांच्या गटाने मुलांच्या ग्लायोमा या दुसऱ्या गाठीबद्दल नवं दाखवलं. तिच्या पेशी मेंदूच्या पेशींशी सांधा जोडतात आणि ग्लुटामेट या रसायनाचा निरोप घेऊन वाढतात. आपल्या पाटाला दुसऱ्याने फाटा फोडून पाणी पळवावं, तसं हे. उंदरांमध्ये फिटच्या एका औषधाने ही वाढ मंदावली. मुलांसाठी हा उपचार अजून ठरलेला नाही, तेव्हा असं औषध मनाने देऊ नका.

मग मुलांनी शिकू-खेळू नये का? जरूर शिकावं, खेळावं. गाठ अभ्यासाने होत नाही. पेशीच्या जनुकांत बिघाड होतो तेव्हा होते, आणि बहुतेक वेळा त्यात कुणाचाच दोष नसतो.

मात्र सकाळी उठताच डोकं दुखून उलटी, चालताना तोल जाणं, डोळा अचानक तिरळा होणं, फिट येणं, असं दिसलं तर अंगारे-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि त्या आईला प्रश्न विचारण्याऐवजी तिच्यासोबत परळपर्यंत जा.