सोन्यावरचं तोंड

रोमचं सोन्याचं नाणं. नाव ऑरियस. इ. स. १६३-६४ चं एक घ्या. पुढं सम्राट लुसियस व्हेरसचं दाढीवालं तोंड. मागं तोच चौथऱ्यावर बसलाय, खाली अर्मेनियाचा राजा उभा. अक्षरं आहेत : ‘रेक्स अर्मेन दात’. म्हणजे अर्मेनियाच्या लोकांना राजा दिला. दिला म्हणे! लढाई मारली स्टेशियस प्रिस्कस या सेनापतीनं. व्हेरस रणात नव्हताच.

नाण्यांचे पंडित या दाढीवर खूश. केस न् केस दिसतो म्हणतात. दिसतो खरा. मी फोटोत पाहिलाय. पण गड्यांनो, सोनं खणलं कुणी?

रोमच्या सोन्याची एक मोठी खाण डाकियात होती, आजच्या रुमानियात. ट्रेजन बादशहानं १०६ साली तो मुलुख गिळला. तिथल्या आल्बुर्नस मायोरच्या खाणींत १७८६ ते १८५५ या काळात मेणाच्या पाट्या सापडल्या. लाकडी फळी, वर मेणाचा थर, त्यात कोरलेला मजकूर. त्यातली एक २० मे १६४ ची. म्हणजे वरच्या नाण्याच्याच सुमाराची.

मेम्मियस, बाप अस्क्लेपियस. सोन्याच्या खाणीत १३ नोव्हेंबरपर्यंत राबायला कबूल. पाटी दुसऱ्यानं लिहिली, कारण याला अक्षर येत नव्हतं. तसं पाटीवरच नोंदलंय. आपल्या आज्याच्या अंगठ्यावरचा मजकूर तरी कुणाच्या हातचा असायचा?

मजुरी ७० दिनारियस आणि पोटाला. २५ दिनारियसचा एक ऑरियस. सहा महिने सोनं खणून तीन मोहरासुद्धा पुऱ्या होत नाहीत.

आता अटी वाचा. धडधाकट अंगानं राबायचं. मालकाच्या मर्जीविरुद्ध काम सोडलं किंवा खाडा केला, तर दिवसाला ५ सेस्टर्स दंड. ४ सेस्टर्सचा एक दिनारियस. मी हिशेब मांडला. याची रोजची मजुरी भरते दीड सेस्टर्सच्या जरा वर. म्हणजे एका खाड्याला तीन दिवसांचा घाम खलास. खाणीत पाणी शिरून काम अडलं तर तेवढ्या दिवसांची मजुरीही कापायची. पाणी काय यानं सोडलं होतं?

आणि मालकानंच मजुरी थकवली तर? त्यालाही तोच दंड लिहिलाय. फक्त पहिले तीन दिवस माफ. मजुराला माफीचा एक दिवस नाही.