चाचणीच्या पोटातला ४०९६

संत्री पेट्यांत भरून पाठवायची, तर शेवटची पेटी अर्धीच भरली तरी गाडीत ती पूर्ण पेटीची जागा अडवते. कळमना बाजारातल्या व्यापाऱ्याला हे कुणी सांगावे लागत नाही. संगणकावर रोज फायली साठवणाऱ्याला मात्र आपल्या डिस्कवरही नेमका हाच व्यवहार चालतो, याची सहसा कल्पना नसते. फक्त ‘नागपूर’ एवढा एकच शब्द लिहून फाइल जतन केली, तर युनिकोडच्या प्रचलित पद्धतीनुसार त्यातील सहा चिन्हांना प्रत्येकी ३ याप्रमाणे १८ बाइट लागतात. बहुतेक लिनक्स संगणकांवर त्या १८ बाइटांसाठी डिस्कवरील ४,०९६ बाइटांची जागा खर्ची पडते. डिस्कवरील या पेटीला ‘ब्लॉक’ म्हणतात आणि कोणत्या फाइलचा मजकूर कोणत्या ब्लॉकमध्ये आहे याचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला ‘फाइल सिस्टीम’.

हा हिशेब चुकला तर काय होते, हे वेगळे सांगायला नको. प्रबंध, घराचे करारपत्र, बँकेची खातेवही, रुग्णालयातील नोंदी हे सारे याच हिशेबावर उभे आहे. म्हणून फाइल सिस्टीमच्या प्रत्येक बदलानंतर तिच्यावर शेकडो चाचण्या चालवल्या जातात. या चाचण्यांमध्येच वर्षानुवर्षे एक चूक दडून बसली होती. पेटी नेहमी ४,०९६ बाइटांचीच असते, असे त्यांनी कुठेही न सांगता गृहीत धरले होते.

पेटी किती मोठी?

ब्लॉकचा आकार हा निसर्गनियम नव्हे, ती तडजोड आहे. पेटी लहान असेल तर जागा कमी वाया जाते, पण पेट्यांची संख्या वाढते आणि त्या शोधण्यात वेळ जातो. या तडजोडीचे मोजमाप मार्शल कर्क मॅक्युसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात केले आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. ब्लॉक ५१२ बाइटांचा असताना ६.९ टक्के जागा वाया जात होती. १,०२४ ला ११.८, २,०४८ ला २२.४ आणि ४,०९६ ला तब्बल ४५.६ टक्के! तरीही त्यांनी मोठाच ब्लॉक निवडला, कारण जुन्या ५१२ बाइटांच्या पद्धतीत डिस्कच्या वाचनक्षमतेपैकी जेमतेम २ टक्के वापरली जात होती. वाया जाणारी जागा वाचवण्यासाठी त्यांनी मोठ्या ब्लॉकचे लहान तुकडे पाडण्याची सोय केली.

त्याच दशकात, १९८५ मध्ये, इंटेलचा ८०३८६ हा प्रोसेसर आला. तो स्मृतीची विभागणी ४,०९६ बाइटांच्या ‘पानां’मध्ये करी. डिस्कवरचा ब्लॉक आणि स्मृतीतले पान सारख्याच मापाचे असणे सोयीचे असल्याने घरगुती संगणकांवर ही जोडी पक्की झाली. पण सगळी दुनिया इंटेलची नव्हे. आयबीएमच्या पॉवर यंत्रांवर लिनक्स प्रायः ६४ किलोबाइटांचे पान वापरते. एआरएम प्रोसेसरसाठीच्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या ७ आणि ८ या आवृत्त्यांतही पान ६४ किलोबाइटांचेच होते. नवव्या आवृत्तीत ते पुन्हा ४ किलोबाइटांवर आले. ॲपलच्या नव्या यंत्रांत ते १६ किलोबाइटांचे असते. जिच्या विकासाचे बरेच काम पुण्यात झाले त्या व्हेरिटास फाइल सिस्टीममध्ये १, २, ४ आणि ८ किलोबाइट असे चार आकार निवडता येतात. लिनक्सवरील ईएक्सटी४ मध्ये १ किलोबाइटपासून निवड सुरू होते आणि एक्सएफएसमध्ये ती ६४ किलोबाइटांपर्यंत जाते.

उत्तर ठरलेले, माप गृहीत

लिनक्सच्या जगात फाइल सिस्टीम तपासण्यासाठी ‘एक्सएफएसटेस्ट्स’ हा चाचणीसंच वापरला जातो. आता त्याला नुसते ‘एफएसटेस्ट्स’ म्हणतात. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने आपल्या एक्सएफएससाठी तो तयार केला, म्हणून हे नाव. आज ईएक्सटी४, बीटीआरएफएस आणि इतर अनेक फाइल सिस्टीमची परीक्षा त्यावरच होते. त्याची रीत साधी आहे. प्रत्येक चाचणी ही एक छोटी आज्ञावली असते आणि तिच्याशेजारी अपेक्षित उत्तराची फाइल ठेवलेली असते. आज्ञावली चालवायची, पडद्यावर उमटलेला मजकूर त्या उत्तराशी अक्षरशः ताडून पाहायचा. एका अक्षराचाही फरक पडला तर चाचणी नापास.

ही रीत जितकी भरवशाची तितकीच हट्टी. आपल्या शहरातील शून्य मैलाच्या स्तंभाची समुद्रसपाटीपासूनची उंची १,०२० फुटांच्या किंचित वर सांगितली जाते. उद्या कुणी ती मीटरमध्ये मोजून ३११ लिहिली आणि तपासनीसाने केवळ आकडे ताडले, तर शहर खचल्याचा अहवाल द्यावा लागेल! ब्लॉकच्या बाबतीत असेच घडत होते. चाचणी लिहिणाऱ्याच्या यंत्रावर जे उत्तर आले तेच ‘बरोबर उत्तर’ म्हणून नोंदले गेले. त्या उत्तरात त्याच्या यंत्राचे मापही शिरले आहे, हे त्याच्या लक्षात आले नाही. येण्याचे कारणही नव्हते, कारण भोवतालची सारी यंत्रे तशीच होती.

एक उदाहरण घेऊ. फाइलच्या मधला भाग काढून टाकून तिथे पोकळी पाडण्याची सोय लिनक्समध्ये आहे. चाचणी सांगते, ४,०९६ व्या बाइटापासून पुढचे ४,०९६ बाइट काढून टाक आणि किती ब्लॉक मोकळे झाले ते सांग. ४ किलोबाइटांच्या ब्लॉकवर उत्तर येते एक, १ किलोबाइटाच्या ब्लॉकवर चार. ६४ किलोबाइटांच्या ब्लॉकवर उत्तर येते शून्य, कारण हा सगळा प्रदेश एकाच पेटीच्या पोटात आहे आणि पेटीतील उरलेला माल शिल्लक आहे. तिथे फाइल सिस्टीम त्या जागी फक्त शून्ये लिहिते. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि वाचणाऱ्याला फाइलचा मजकूरही तिन्ही ठिकाणी सारखाच दिसतो. तरीही तीनपैकी दोन यंत्रांवर चाचणी नापास होते.

काही ठिकाणी आकडे अधिक खोलवर रुतलेले असतात. ईएक्सटी४ डिस्कचे गट पाडते आणि प्रत्येक गटाची नोंद एका ब्लॉकमध्ये बसवते. त्यामुळे ४ किलोबाइटांच्या ब्लॉकवर एक गट १२८ मेगाबाइटांचा होतो, तर १ किलोबाइटाच्या ब्लॉकवर केवळ ८ मेगाबाइटांचा. फाइलची कमाल लांबीही पहिल्या ठिकाणी १६ टेराबाइट, तर दुसऱ्या ठिकाणी ४. सर्वात मोठी फाइल करून पाहणारी चाचणी हे आधी विचारत नसेल, तर ती फाइल सिस्टीमची परीक्षा न घेता स्वतःचीच फजिती करून घेते.

खोटे नापास होणे हा त्रास आहे, पण निदान तो दिसतो. एखादा अभियंता त्यामागे दोन दिवस घालवतो आणि चूक चाचणीतच होती, असे कळल्यावर कपाळावर हात मारतो. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याहून वाईट आहे ते खोटे पास होणे. एक चाचणी मुद्दाम दोन ब्लॉकांच्या सीमेवर लिहून पाहण्यासाठी रचलेली असते, कारण हिशेबातले बहुतेक घोटाळे सीमेवरच होतात. ती ४,०९६ च्या अलीकडे-पलीकडे लिहिते. ६४ किलोबाइटांच्या ब्लॉकवर तिथे सीमाच नसते. मजकूर पेटीच्या मधोमध पडतो, सारे सुरळीत होते, चाचणी उत्तीर्ण. जे तपासायचे होते ते तपासलेच गेले नाही आणि अहवालात मात्र हिरवी खूण उमटली!

दुरुस्ती

या दुरुस्तीच्या कामात भारतीय अभियंत्यांचा वाटा ठळक आहे. त्याचे कारणही व्यावहारिक आहे. ६४ किलोबाइटांच्या पानांची पॉवर यंत्रे आयबीएमची आणि त्या कंपनीच्या लिनक्सविषयक कामाचा मोठा भाग भारतात चाले. बीटीआरएफएसचा ब्लॉक पूर्वी यंत्राच्या पानाएवढाच असावा लागे. त्यामुळे पॉवर यंत्रावर तिच्या चाचण्या एकामागून एक कोसळत. आयबीएममध्ये काम करणाऱ्या चंदन राजेंद्र यांनी २०१५ च्या अखेरीस त्या दुरुस्त करण्याची मालिकाच हाती घेतली. पुढे ते एक्सएफएसच्या देखभालीची जबाबदारी सांभाळणाऱ्यांपैकी एक झाले.

त्यांची युक्ती पाहण्यासारखी आहे. चाचणीने आधी फाइल सिस्टीमला ब्लॉकचा आकार विचारायचा. ‘४,०९६ व्या बाइटापासून ४,०९६ बाइट लिही’ असे न म्हणता ‘पहिल्या क्रमांकाचा एक ब्लॉक लिही’ असे म्हणायचे आणि गुणाकार यंत्रावर सोपवायचा. उत्तर छापतानाही बाइटांचा आकडा गाळून ब्लॉकचा क्रमांक छापायचा. त्यासाठी मधे एक गाळणी बसवली, जी ‘अमुक बाइटांवर अमुक बाइट लिहिले’ या ओळीचे रूपांतर ‘ब्लॉक १ ते १ बदलले’ अशा ओळीत करते. यंत्र कोणतेही असो, अपेक्षित उत्तराची फाइल एकच राहते. यात सीमेचा प्रश्नही सुटतो, कारण ब्लॉक मोठा झाला की सीमा सरकते आणि तिच्याबरोबर चाचणीही सरकते.

सगळीकडे हे जमत नाही. संपूर्ण फाइलच्या मजकुरावरून काढलेली ठशासारखी खूणसंख्या उत्तरात छापलेली असेल, तर फाइलची लांबी बदलताच ती संख्या बदलणार, तिला गाळणी काय करणार? तिथे संख्या न छापता ‘आधीची आणि नंतरची फाइल सारखी आहे’ एवढेच छापावे लागते. ईएक्सटी४ मध्ये फाइलला जोडलेली जादा माहिती बहुधा एका ब्लॉकच्या मर्यादेत बसावी लागते. तिथे किती मोठी माहिती जोडून पाहायची, हे ब्लॉकच्या आकारावरून काढावे लागते. आणि काही चाचण्या विशिष्ट आकारावरच अर्थपूर्ण असतात. त्यांनी अन्यत्र ‘लागू नाही’ असे स्पष्ट सांगून थांबावे, हेच योग्य. मात्र हा शेवटचा मार्ग फार सोपा आहे आणि म्हणूनच जपून वापरावा. नापास होणाऱ्या प्रत्येक चाचणीवर ‘लागू नाही’चा शिक्का मारत गेले, तर अहवाल स्वच्छ होतो आणि फाइल सिस्टीम आहे तशीच राहते.

एवढा खटाटोप मूठभर महागड्या यंत्रांसाठी का, असे कुणी विचारील. बीटीआरएफएसचेच पाहा. ६४ किलोबाइटांच्या यंत्रावर तयार केलेली डिस्क साध्या संगणकाला जोडली तर ती उघडतच नसे आणि उलट दिशेनेही तेच. माल शाबूत, पण कुलूप उघडत नाही. २०२१ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स ५.१५ मध्ये मोठ्या पानाच्या यंत्रांवर ४ किलोबाइटांच्या ब्लॉकची डिस्क वाचण्या-लिहिण्याची सोय झाली. ईएक्सटी४ मध्येही लेखन चालू असताना थेट डिस्कवरून वाचणाऱ्याला ताटकळत न ठेवणारी एक पद्धत होती, पण ब्लॉक पानापेक्षा लहान असेल तिथे ती वापरताच येत नसे. ही उणीव २०२० च्या जानेवारीत आलेल्या ५.५ आवृत्तीत दूर झाली आणि ते कामही आयबीएमच्या भारतातील अभियंत्याचेच. अशा बदलांची खातरजमा करायची, तर निरनिराळ्या आकारांवर विश्वासाने चालणाऱ्या चाचण्याच हाताशी लागतात.

त्यानंतर पारडे दुसऱ्या बाजूला झुकले. पानापेक्षा मोठा ब्लॉक लिनक्सला कधी पेलवत नव्हता. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ६.१२ आवृत्तीत एक्सएफएससाठी ती अडचण संपली आणि ६४ किलोबाइटांच्या ब्लॉकची डिस्क साध्या ४ किलोबाइटांच्या पानाच्या संगणकावरही जोडता येऊ लागली. पूर्वी ज्या चाचण्या फक्त पॉवर यंत्रावर कोसळत, त्या आता कुणाच्याही टेबलावर कोसळू शकतात.

व्हीएनआयटीत किंवा शहरातील अन्य अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांना हे करून पाहावेसे वाटेल, त्यांना पॉवर यंत्र शोधत हिंडण्याचे कारण नाही. साध्या संगणकावर पान ४ किलोबाइटांचे असते. तिथे ईएक्सटी४ मुद्दाम १ किलोबाइटाच्या ब्लॉकने तयार केली, की ब्लॉक पानापेक्षा लहान ही तीच स्थिती निर्माण होते, जी पॉवर यंत्रावर ४ किलोबाइटांच्या ब्लॉकने होते. ईएक्सटी४ ची देखभाल करणारे थिओडोर त्सो यांच्या नेहमीच्या चाचणीक्रमात ‘१-के’ ही मांडणी असते आणि तिचा हा मोठाच उपयोग आहे. काही गिगाबाइटांच्या दोन रिकाम्या फायली डिस्क म्हणून जोडाव्यात, एक कायमच्या वापरासाठी आणि दुसरी दर वेळी पुसून नव्याने तयार करण्यासाठी. मग तोच संच आधी ४ किलोबाइटांच्या आणि नंतर १ किलोबाइटाच्या ब्लॉकवर चालवावा. संपूर्ण संचाला कित्येक तास लागतात, तेव्हा रात्री लावून ठेवणे बरे. सकाळी दोन्ही याद्या शेजारी ठेवून ज्या चाचण्या फक्त दुसऱ्या यादीत नापास दिसतील, त्या उघडून त्यांच्या आज्ञावलीत प्रथम ४०९६, ४के किंवा त्याच्या पटीतला एखादा आकडा शोधावा.